गेंगार परत द्यायचा असतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेले काही दिवस आपल्या वाचकांच्या पत्रांत मोबाईल गेमवरनं जे चाललंय ते वाचतेय. एकानं लिहिलं पोरं वाया चालली, दुसऱ्यानं लिहिलं गेम बंदच करा, तिसऱ्यानं तर थेट सरकारलाच साकडं घातलं. मी दोन पोरांची आई आहे त्यामुळं त्या काळजीला हसत नाही, आमच्या घरात पण जेवताना ताटाशेजारी फोन असतोच. पण सगळे गेम एकाच पोत्यात भरून रंकाळ्यात टाका म्हणणाऱ्यांना मला एका गेमबद्दल सांगायचंय, जो मी प्राथमिक शाळेत असल्यापास्नं खेळतेय आणि अजून पण अधनंमधनं काढते, पोरं झोपल्यावर. पोकेमॉन रेड, म्हणजे पोकेमॉन नावाचे काल्पनिक प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि लढवायचे असा गेम. कार्टून नव्हे हां. आणि २०१६ ला लोकं फोन पुढं धरून रस्त्यानं फिरत होती ते पोकेमॉन गो पण नव्हे. त्याच्या कितीतरी आधीचा, गेमबॉय या हातात धरायच्या छोट्या मशीनवरचा, ज्याच्यातनं हे सगळं पुढं निघालं तो.

माझं म्हणणं एवढंच की हा गेम मुद्दाम अर्धा बनवलाय आणि उरलेला अर्धा दुसऱ्या माणसाकडं ठेवलाय, आणि त्याची सगळी गोडी तिथं आहे.

ज्याच्या डोक्यातनं हा निघाला तो सातोशी ताजिरी. टोकियोजवळ माचिदा म्हणून गाव आहे तिथं वाढलेला, लहानपणी किडे पकडायचा नाद, इतका की बरोबरची पोरं त्याला डॉक्टर किडा म्हणायची. पुढं शहर वाढत गेलं, तळी बुजली, शेतं गेली, इमारती आल्या आणि किडे पण गेले. आता हे काय कोल्हापूरकराला समजावून सांगायला लागतंय होय, कपिलतीर्थ मार्केटात आपण मेथीची पेंडी निवडत असतो ते बुजवलेल्या तळ्यावर उभं राहूनच की, आणि गांधी मैदान म्हणजे मूळचं वरुणतीर्थ. आमच्या लहानपणी सोनकिडा घावला की काडेपेटीत घालायचा, आत बाभळीचा पाला, आणि ती पेटी दप्तरात लपवून शाळेत न्यायची. दुसऱ्याकडचा जास्त चमकतोय असं वाटलं की अदलाबदल, मग त्यावरनं भांडण, मग परत अदलाबदल. ताजिरीनं नेमकं हे गेममध्ये घातलं. १९८९ ला गेमबॉय आला, त्याला एक केबल लावून शेजारचा गेमबॉय जोडता यायचा, आणि बाकीचे ती केबल एकमेकाला हरवायला वापरत होते तेव्हा या माणसाला त्या केबलीतनं किडे इकडनं तिकडं सरपटत जाताना दिसले. त्याची गेम फ्रीक ही कंपनी म्हणजे आधी १९८३ पास्नं निघणारं घरगुती मासिक होतं, झेरॉक्स काढून स्टेपल मारलेलं, केन सुगिमोरी त्यात चित्रं काढायचा, आणि पुढं पोकेमॉनची चित्रं पण त्यानंच काढली. गेम पुरा व्हायला सहा वर्षं गेली, मधे कंपनीत पगाराचे वांदे झाले, माणसं सोडून गेली. २७ फेब्रुवारी १९९६ ला जपानात रेड आणि ग्रीन बाजारात आले तेव्हा गेमबॉय म्हणजे जुना झालेला डबा असंच लोकं म्हणत होती. अमेरिकेत रेड आणि ब्लू व्हायला १९९८ उजाडलं.

दोन रंग कशाला, तर दोन्हीत सगळं सारखं, फक्त काही पोकेमॉन एकात आहेत ते दुसऱ्यात नाहीत. रेडमध्ये ग्राउलिथ मिळतो पण वल्पिक्स नाही, ब्लूमध्ये उलटं. एकूण १५१. त्यात सुरवातीलाच प्रोफेसर ओक तीन पुढं ठेवतो, आगीचा चारमँडर, पाण्याचा स्क्वर्टल, पाल्याचा बल्बासॉर, त्यातला एकच घ्यायचा आणि बाकीचे दोन तुमच्या गेममध्ये परत कुठंच भेटत नाहीत. पुढं दोन फॉसिल मिळतात त्यातला एकच ठेवायचा. ईवी एकच देतात आणि ती तीन वेगवेगळ्या गोष्टी होऊ शकते. आणि चार पोकेमॉन तर असले की ते कितीही लढवा, अदलाबदल केल्याशिवाय त्यांचं शेवटचं रूप येतच नाही, कडाब्राचा अलाकझाम, मशोकचा मशॅम्प, ग्रॅव्हलरचा गोलेम आणि हॉन्टरचा गेंगार. म्हणजे एकट्यानं कोपऱ्यात बसून कितीही घाम गाळा, हा गेम संपत नाही, कुणाच्या तरी दारात जावंच लागतं. आज "पोरं एकलकोंडी झाली" म्हणून लिहिणाऱ्यांनी हे जरा परत वाचावं.

आमच्याकडं हे आलं ते मस्कतच्या मामामुळं. तो सुट्टीवर येताना दोन गेमबॉय कलर घेऊन आला, मला रेड आणि इचलकरंजीच्या मावसभावाला ब्लू, आणि केबल एकच, ती माझ्याकडं राहिली. (मामाचं गणित बरोबर होतं, भांडणं आपोआप मिटली असती, मिटली नाहीत ती गोष्ट वेगळी.) आता अदलाबदल करायची तर एक तर तो एसटीनं कोल्हापूरला यायला पाहिजे नाहीतर आम्ही तिकडं जायला पाहिजे, म्हणजे कुणाचं तरी बारसं, लग्न, दिवाळी. मधल्या दिवसांत मी वहीत लिहून ठेवायची की त्याच्याकडनं काय काय घ्यायचंय. आणि हॉन्टरचा घोळ असा की तो तुम्ही पाठवला की गेंगार समोरच्याच्या मशीनमध्ये होतो, तुमच्या नाही, मग समोरच्यानं तो परत पाठवायचा असतो. असतो! आमच्या भावानं बघितलं, म्हणाला "भारी आहे की गं, राहू दे माझ्याकडं", केबल काढली आणि सरळ एसटीत बसला.

पण ताजिरीच्या माणसांनी याचा पण विचार करून ठेवलेला. दुसऱ्याकडनं आलेला पोकेमॉन दीडपट वेगानं वाढतो, हा फायदा, पण तुमच्याकडं पुरेसे बॅज (गेममधल्या जिमच्या उस्तादांना हरवून मिळतात ते) नसतील तर तो तुमचं ऐकतच नाही, लढाईत मधेच झोपतो नाहीतर नुसता टंगळमंगळ करत बसतो. भावाकडं बॅज दोन, दोन बॅजवर तिसाव्या लेव्हलपर्यंतचेच ऐकतात, आणि माझा गेंगार त्याच्या कितीतरी पुढं. शिवाय त्याच्या माहितीच्या पानावर मूळ मालक म्हणून माझं नाव, ते पुसायची सोयच नाही. बिचारा दिवाळीला स्वतः केबल मागायला आला. एवढ्याशा मशीनमध्ये कुणीतरी पोरांच्या भांडणाचा असा निकाल आधीच लावून ठेवलाय याचं मला आज पण कौतुक वाटतं, तेव्हा नुसता आनंद झाला होता.

लोडशेडिंगच्या वर्षांत तर या डब्याची किंमत फार कळली. गल्लीत ज्यांच्याकडं कॉम्प्युटर होता ते लाईटची वाट बघत बसायचे, आमचा दोन पेन्सिल सेलवर चालू. फक्त त्याच्या पडद्याला स्वतःचा उजेड नाही, त्यामुळं खिडकीत बसायचं, संध्याकाळ झाली की मेणबत्तीकडं तिरकं धरायचं, आई ओरडायची डोळे जातील म्हणून. त्यात लॅव्हेंडर टाउन नावाचं गाव, जिथं मेलेल्या पोकेमॉनचा मनोरा आहे, तिथलं जुनिची मासुदाचं ते चिरकं म्युझिक, लाईट गेलेल्या घरात. मी आवाज बंद करून खेळायची, खरं सांगते.

आणि अफवा! एस. एस. अ‍ॅन जहाजाच्या धक्क्याशेजारी एक ट्रक उभा आहे, तो सरकवला की खाली म्यू नावाचा दुर्मिळ पोकेमॉन सापडतो, हे भावाला कुणीतरी सांगितलेलं. ट्रक खरंच आहे. सरकत नाही, खाली काही नाही. पण म्यू खरा होता, ही गंमत. गेम जवळपास पुरा झाल्यावर तपासणीसाठी घातलेला कोड काढला, त्यातनं थोडीशी जागा उरली, तिथं शिगेकी मोरिमोतो नावाच्या प्रोग्रॅमरनं शेवटच्या घडीला तो गुपचूप बसवून दिला. मग जपानातल्या एका मासिकानं फक्त २० जणांना म्यू देणार म्हणून जाहीर केलं आणि हजारो पत्रांचा ढीग पडला. गेममध्ये सेलाडॉन शहरात गेम फ्रीकचं ऑफिस पण आहे, म्यू सोडून बाकीचे १५० गोळा करून तिथं गेलं की सर्टिफिकेट देतात. म्हणजे म्यू नसला तरी तुम्ही पास. हा साधा मोठेपणा आहे.

आता मी काय या गेमची आरती ओवाळत नाही. गुहेत दर दोन पावलांना झुबॅट आडवा येतो तेव्हा मशीन भिंतीवर मारावंसं वाटतं. पिशवीत २० च्या वर वस्तू मावत नाहीत, बॉक्समध्ये २० पोकेमॉन भरले की पुढचा पकडताच येत नाही आणि हे आधी नीट सांगतपण नाहीत. झाड तोडायची कट ही चाल एकदा शिकवली की त्या पोकेमॉनला ती विसरता येत नाही, चार चालींपैकी एक कायमची वाया. आणि सगळ्यात मोठा घोळ सायकिक जातीचा, म्हणजे मनाच्या ताकदीनं लढणाऱ्या पोकेमॉनचा. सॅफ्रॉन शहरातल्या जिममधलाच एकजण सांगतो की सायकिकवाले फक्त भुताला आणि किड्याला घाबरतात, म्हणून मी मोठ्या तोऱ्यात भुताच्या जातीचा गेंगार पुढं काढला, आणि प्रोग्रॅममधल्या चुकीमुळं भुताच्या चालीचा सायकिकवर परिणाम शून्य. पुढच्या गोल्ड-सिल्व्हरमध्ये ते दुरुस्त केलं, पण तोवर आमच्या घरात या विषयावर बोलचाल बंद होऊन गेली होती.

पण बघा, हा गेम मला कधी बोलवत नाही. थोरल्याच्या फोनवरचा गेम रोज सकाळी टुणकन वाजतो, आज आला नाहीस तर बक्षीस जाईल, हिरे संपले, पैसे भर, जाहिरात बघ. गोळा करायचा नाद तोच, ताजिरीच्या किड्यांचाच, पण तिथं मित्राच्या जागी दुकान बसवलंय, जे नाही ते विकत घ्या. आमच्या वेळी जे नाही ते मागून घ्यावं लागायचं, आणि मागायला तोंड पाहिजे, आणि द्यायला पण काहीतरी पाहिजे. माझी तक्रार असेल तर या दुकानावर आहे. "गेम" म्हणून सरसकट ओरडलं की हे दुकानवाले बाजूला राहतात आणि पोरगं तेवढं मार खातं.

काहीजण म्हणतात एवढी हौस आहे तर फोनवर इम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारं अ‍ॅप) टाका, चौपट स्पीडनं पळवा. टाकून बघितलंय, दोन संध्याकाळीत पुढं पळून जातो आणि हाताला काही लागत नाही, केबलचा अर्धा भाग तिथं नाहीच. सरळ मार्गानं घ्यायचा तर २०१६ ला निन्टेंडोच्या थ्रीडीएस या मशीनवर हे जुने गेम परत काढलेले, पण ते ऑनलाईन दुकान मार्च २०२३ ला बंद झालं. राहिली मूळची कॅसेट. तिच्यात नाणं असतं तसला छोटा सेल असतो, त्याच्यावर तुमचा सेव्ह, म्हणजे आजवर खेळलेलं सगळं, जिवंत राहतो, आणि तो सेल गेला की सगळं गेलं. माझा जायच्या बेतात होता. राजारामपुरीतल्या एका मोबाईल रिपेअरवाल्यानं डाग देऊन बदलून दिला, पण बदलताना जुना सेव्ह पुसला जाणार हे माहीत होतं, म्हणून त्याच्या आधी इचलकरंजीला गेले, भावानं त्याच्या कॅसेटचा सेल मागच्या वर्षीच बदललेला, माझे निवडक सगळे त्याच्याकडं पाठवले आणि बदल्यात त्याचे टुकार रटाटा घेतले. गेंगार पण गेला. आता भावाचा स्वतःचा साडीचा व्यापार आहे, केस पांढरे व्हायला लागलेत, आणि फोन केला की म्हणतो "बघू की, दिवाळीला." आता त्याच्याकडं आठही बॅज आहेत, त्यामुळं ऐकणार पण त्याचं.

तर संपादक साहेब, मागणं असं आहे. रविवारच्या पुरवणीत सिनेमाचं परीक्षण येतं, नाटकाचं येतं, मिसळीचं तर येतंच येतं, तसं महिन्यातनं एकदा एखाद्या गेमबद्दल पण नीट लिहून घ्या, तो खेळलेल्या माणसाकडनं. कुठला गेम पोराला माणसात नेतो आणि कुठला खिशात हात घालतो हे आईबापांना कळायला दुसरी जागा नाही, दुकानदार सांगणार नाही आणि पोरगं तर नाहीच नाही. सुरवात गोल्ड-सिल्व्हरपास्नं करा, १९९९ चा, त्याच्याबद्दल मी इथं काहीच बोलले नाही. त्यात खरं घड्याळ आहे, रात्री वेगळे पोकेमॉन निघतात, लाप्रास फक्त शुक्रवारी भेटतो, मंगळवार-गुरुवार-शनिवार किडे पकडायची स्पर्धा असते, आणि सगळं जिंकलं असं वाटलं की मागचा अख्खा रेडमधला प्रदेश परत उघडतो. आणि छापताना इंटरनेटवरचा गुळगुळीत फोटो नको, खऱ्या गेमबॉयचा टाका. नसला तर माझा देते, सेल तेवढे तुमचे.

आपली,
एक वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर