फ्लॉरेन्सहून घरी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, माझी तब्येत उत्तम आहे. टर्पेंटाइनच्या वासाची काळजी करू नकोस. वर्गाच्या खिडक्या दिवसभर उघड्या असतात. जेवणही वेळेवर होतं.

बाबा, "एवढ्या लांब जाऊन नक्कलच करायची होती का?" हे तुमचं बोलणं मनातून जात नाही. राफाएलने १५०६च्या सुमारास रंगवलेलं मद्दालेना दोनीचं व्यक्तिचित्र मी उतरवते आहे. इथल्या उफिझी चित्रसंग्रहालयात चित्रासमोर फक्त पेन्सिलीने रेखाटायचं, रंगकाम वर्गात. आधी तपकिरी अस्तर, त्यावर काळ्या-पांढऱ्यात अख्खा चेहरा, तो वाळला की जवसाच्या तेलातले पातळ रंग थरावर थर. खालच्या थरात तेल कमी, वर जास्त. उलट झालं तर पुढे भेगा पडतात. गालावरची लाली खालच्या थरांतून उमलते, हे हाताने केल्याशिवाय कळत नाही. शिवाय मद्दालेनाची बसण्याची ढब राफाएलने लिओनार्दोच्या मोनालिसावरूनच घेतली. तेव्हा तो जेमतेम तेवीस वर्षांचा होता. आपल्या मुंबईच्या जेजे कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनीही तिथले शिक्षक ग्रिफिथ्ससाहेबांच्या हाताखाली वर्षानुवर्षं अजिंठ्याची चित्रं उतरवलीच ना? हे शिक्षणच आहे, बाबा.

इथली एक रीत मात्र अजून उमगत नाही. दुधाची कॉफी फक्त सकाळी. जेवणानंतर कापुचिनो मागितला तर देतात, पण आपलं पोट बिघडलंच असं बघतात; जेवणावर दूध जड जातं म्हणे. दुपारी काळी कॉफी, दोन घोटांची, तीही काउंटरपाशी उभ्याने. टेबलाशी बसलं की बऱ्याच ठिकाणी तीच महाग. म्हातारी माणसंसुद्धा उभीच! आजीला खरं वाटणार नाही.

खोलीचं भाडं वाढलंय, पण शनिवार-रविवार मुलांना चित्रकला शिकवते. पुढच्या महिन्यापासून कर्जाचा अर्धा हप्ता मी पाठवीन. बाबा, एफडी मोडू नका.

मीनूच्या साखरपुड्याला येणं जमत नाही, त्याच आठवड्यात परीक्षा आहे. तिच्याशी मी बोलले, ती हो म्हणाली, पण आवाज बारीक झाला होता. मोठीच्या आधी धाकटीचं कसं, असं कोणी विचारलं तर आई, तू ऐकून घेऊ नकोस. निर्णय माझा आहे. साताऱ्याच्या मंडळींनाही माझ्यासाठी थांबवू नका.

मद्दालेना आणि तिचा नवरा आन्योलो यांची चित्रं जोडीचीच आहेत. मीनूला लग्नात तशीच जोडी रंगवून देणार आहे. दोघांचे फोटो फ्लॅश न वापरता, एका बाजूने उजेड येईल असे काढून लवकर पाठवा.

तुमची,
सुमा