पेठेतले घर घेताना

महोदय,

साताऱ्यात घर शोधणारे अनेकजण हल्ली महामार्गालगतच्या नव्या वसाहतींऐवजी पुन्हा जुन्या पेठांकडे वळू लागले आहेत, याचा मंगळवार पेठेतला रहिवासी म्हणून मला मनापासून आनंद आहे. मोती चौकातली बाजारपेठ चालत गाठता येते आणि वडीलधाऱ्यांना दाराशी बोलायला माणूस मिळते. हे सुख उपनगरात पैसे मोजूनही मिळत नाही.

मात्र वाडा पाडून उभ्या राहिलेल्या छोट्या इमारतीत सदनिका घेताना डोळे उघडे ठेवावेत. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला 2016 च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन, कायद्यानुसार नोंदणीची सक्ती नाही, आणि पेठेतले बहुतेक भूखंड लहानच असतात. त्यामुळे मिळकत पत्रिकेवर (जागेच्या मालकांच्या सरकारी नोंदीत) सर्व वारसांची नावे आहेत का, जुन्या भाडेकरूचा हक्क शिल्लक आहे का आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्यास दिलेली पालिकेची परवानगी) मिळाले आहे का, हे स्वतःच वकिलाकडून तपासून घ्यावे लागते. आमच्या इमारतीत एका वारसाची सही राहून गेल्यामुळे सहा कुटुंबांची खरेदीखते दोन वर्षे रखडली होती.

बोळाची रुंदीही अवश्य पाहावी. गेल्या पावसाळ्यात रुग्णवाहिका आत येऊ न शकल्याने आम्ही वडिलांना खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून, दुतर्फा लावलेल्या दुचाकींमधून वाट काढत हमरस्त्यापर्यंत नेले. नगरपालिकेने निदान असे बोळ तरी वाहनमुक्त ठेवावेत, ही कळकळीची विनंती.

– एक रहिवासी, मंगळवार पेठ, सातारा