पिशवी सांभाळायची कोणी?

मुलुंड
रविवार, 18 जानेवारी 2026

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

गुरुवारी फोनवर आई म्हणाली, "मला काय गं शिवाजी पार्कचं कौतुक! मी आपली पिशवी सांभाळत बसायचे." तुम्ही दोघं हसलात आणि विषय सिलिंडरवर गेला. मला मात्र ते दोन दिवस टोचत राहिलं. म्हणून आज जेवणं उरकून, भांडी तशीच टाकून, दादर गाठलं.

आई, तुझी जागा सापडली. बालमोहन शाळेच्या बाजूचा कट्टा, पर्जन्यवृक्षाची सावली. मुद्दाम अर्धा तास तिथे बसले. मागे गाड्यांचे हॉर्न, समोर नेट्समध्ये बॅटचा टक टक आवाज, आणि नाकात लाल माती. आम्ही लहान असताना बाबा फेरीत एकदा पुढून गेले की पुन्हा दिसायला बारा-तेरा मिनिटं लागायची. दरवेळी बोटं वर करून "तीन झाल्या" असं खुणेने सांगायचे, तू मान हलवायचीस. आम्ही दोघं भावंडं मातीत. तुझ्या मांडीवर दोन स्वेटर, वॉटरबॅग, बाबांचं घड्याळ आणि दूध केंद्राची ती कापडी पिशवी. घड्याळ तुझ्याकडे का असायचं, हे मला आजही कळलेलं नाही. फेऱ्यांची वेळ तूच लावायचीस का?

इतकी वर्षं पार्कात जाऊन तू पार्क पुरतं पाहिलंच नाहीस!

बाबा, तुमच्या गोष्टी मला पाठ आहेत. आजोबांचं बोट धरून ऐकलेली अत्र्यांची सभा. 1966 साली महाराजांचा पुतळा बसला तेव्हा तुम्ही अठरा वर्षांचे होतात, आणि हातात तलवार नाही म्हणून मित्रांशी घातलेला वाद. (आज पुतळ्याखाली उभी राहून पाहिलं. तो पुढे केलेला हातच बरा वाटतो, तुम्ही वाद हरला असणार.) आणि आचरेकर सरांच्या नेटमध्ये तुम्ही पाहिलेला कुरळ्या केसांचा तो पोरगा, जो अर्ध्या दादरने पाहिलेला आहे. पाचव्या गेटजवळ आता सरांचं स्मारक झालंय, डिसेंबर 2024 मध्ये. स्टंपवर रुपया ठेवायचा आणि बाद न होणाऱ्या बॅट्समनने तो घरी न्यायचा, ही गोष्ट एक काका नातवाला सांगत होते. नातू म्हणाला, "एकच रुपया?" तुम्ही हवे होतात तिथे.

पण एक गोष्ट तुम्ही कधी सांगितली नाहीत, बहुधा माहीत नसावी. 1925 मध्ये हे मैदान खुलं झालं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. दोन वर्षांनी महाराजांच्या जन्माच्या त्रिशताब्दीला ते बदललं गेलं, आणि त्यासाठी आग्रह धरला तो नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांनी. म्हणजे ज्या पार्काच्या गप्पा तुम्ही पुरुष मंडळी कट्ट्यावर चाळीस वर्षं मारलीत, त्याला नाव एका बाईच्या आग्रहाने मिळालं. आई, हे बाबांना दोनदा वाचून दाखव.

आता कामाचं. तुम्ही इथे आलात की आईने पार्काला फेरी मारायची आहे. एक फेरी साधारण 1.2 किलोमीटरची आहे. मी आईच्या चालीने चालले, म्हणजे गुडघा दुखत असल्याचं नाटक करत आणि मध्ये दोनदा बसत. सत्तावीस मिनिटं लागली. एक आजोबा थांबून "बरं वाटत नाहीये का बाळा?" म्हणाले, पंचेचाळिसाव्या वर्षी बाळा! कट्ट्यावर बसायला काही अडचण नाही, उठताना मात्र आधार नाही, तेव्हा काठी आणायची. लाजायचं नाही, निम्मं पार्क काठी घेऊनच चालतं. धूळ खूप आहे, बाबांनी रुमाल ठेवावा. नाना-नानी पार्कही आहे, तिथे आरामात बसता येतं, पण "तिथे म्हातारे बसतात" हे बाबांचं उत्तर मी आताच लिहून टाकते.

बाबा, "मुंबई आता आपली राहिली नाही" हे तुमचं वाक्य मी यंदा मान्य करणार नाही. बदललंय खूप, दादरला आता जमिनीखाली मेट्रोचं स्टेशनही आहे. पण संध्याकाळी पाचला कट्ट्यावर जागा मिळवायला अजून तशीच धावपळ होते, आणि परतताना 'प्रकाश'मध्ये पियुष प्यायले तर चव तीच. पेल्याचा आकार तेवढा लहान वाटला. की मी मोठी झाले?

जनशताब्दीने या, ठाण्याला उतरा, मी घ्यायला येते. दादरला दुसऱ्या दिवशी जाऊ, दमून नको. तिथे आई चालेल, जमेल तितकं. मी तिच्यासोबत असेन. पिशवी आणि घड्याळ घेऊन कट्ट्यावर बाबा बसतील. आई फेरी पुरी करून आली की तिनेच बोट वर करायचं.

तिकिटं काढायची आहेत, तेव्हा दोघांची आधार कार्डावरची वयं कळवा. आईचं कार्डावरचं वय दोन वर्षांनी चुकलेलं आहे, ते दुरुस्त केलंत की नाही? आणि येताना फणसाचे तळलेले गरे आणलेत तर मी नाही म्हणणार नाही.

तुमची,
मनू