'सिम्पसन्स'चे हॅलोवीन भाग दुर्लक्षित राहू नयेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील 'द सिम्पसन्स' या अॅनिमेशन मालिकेविषयी मराठीत लिहिले जाते तेव्हा तिचे दीर्घायुष्य आणि तिने वर्तवली म्हणून सांगितली जाणारी भाकिते, या दोन गोष्टींच्या पलीकडे लेखन सहसा जात नाही. या मालिकेत दरवर्षी हॅलोवीन या भुताखेतांच्या सणाच्या सुमारास येणारा 'ट्रीहाउस ऑफ हॉरर' हा विशेष भाग मला तिच्या सगळ्या कामगिरीत श्रेष्ठ वाटतो आणि तो तसा का वाटतो, हे आपल्या वाचकांपुढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मालिका डिसेंबर १९८९ मध्ये सुरू झाली आणि २५ ऑक्टोबर १९९० रोजी पहिला हॅलोवीन भाग प्रक्षेपित झाला. एका भागात तीन स्वतंत्र कथा, प्रत्येक कथा जेमतेम सात मिनिटांची, ही रचना तेव्हाच ठरली. झाडावरच्या खोपीत (ट्रीहाउस) बसून सिम्पसन कुटुंबातील भावंडे बार्ट आणि लिसा एकमेकांना भयकथा सांगतात ही चौकट फक्त त्या पहिल्या भागात होती, पण तिच्यावरून पडलेले नाव पुढे कायम राहिले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या कथांमध्ये जे घडते ते मालिकेच्या मूळ कथानकात धरले जात नाही. एरवीच्या भागांत कितीही उलथापालथ झाली तरी शेवटी घर, नोकरी आणि नाती जिथल्या तिथे येतात आणि बार्ट वर्षानुवर्षे दहा वर्षांचाच राहतो. हॅलोवीनच्या कथांत मात्र माणसे मरतात, जग बुडते, आणि कथा संपेपर्यंत ते सावरेलच असे नाही. बदलत नाहीत ते फक्त स्वभाव. वडील होमरचा हावरटपणा, आई मार्जची चिकाटी, लिसाचा विवेक आणि बार्टचा द्वाडपणा यांचे परिणाम शेवटापर्यंत भोगावे लागतात, म्हणूनच ही माणसे इथे जितकी स्पष्ट दिसतात तितकी इतरत्र दिसत नाहीत.

याचा उत्तम दाखला म्हणजे ३० ऑक्टोबर १९९४ चा पाचवा भाग, जो माझ्या मते आजवरचा सर्वांत परिपूर्ण आहे. त्यातील पहिली कथा स्टॅन्ली कुब्रिक यांच्या १९८० च्या 'द शायनिंग' या चित्रपटाचे विडंबन आहे. हिवाळ्यात एका निर्जन बंगल्याची राखण करायला गेलेल्या होमरने मन लावून काम करावे म्हणून मालक बर्न्स केबल तोडतो आणि बिअरही हलवतो, आणि होमरला वेड लागायला तेवढे पुरते. मूळ चित्रपटातील वेडामागे गूढ शक्ती आहे, तर इथल्या वेडाचे कारण अगदी घरगुती आहे. शेवटी बर्फात पडलेला एक छोटा टीव्ही सापडतो, त्याच्या उजेडात होमर शांत होतो आणि सारे कुटुंब त्या पडद्यासमोर बसल्या जागी गोठून जाते. टीव्हीवर चालणाऱ्या मालिकेने टीव्हीलाच रोग आणि औषध दोन्ही ठरवावे, ही कल्पना मला आजही थक्क करते.

त्याच भागातील दुसऱ्या कथेचे बीज रे ब्रॅडबरी यांच्या १९५२ च्या 'अ साउंड ऑफ थंडर' या कथेत आहे. दुरुस्त केलेला टोस्टर होमरला डायनासोरांच्या काळात नेतो, तिथे तो एक डास मारतो आणि परत येतो तेव्हा शेजारी नेड फ्लँडर्स साऱ्या जगाचा सर्वाधिकारी झालेला असतो. पुन्हा पुन्हा खेपा केल्यावर त्याला एक असे जग मिळते जिथे सगळे सुबत्तेत आहे, परंतु डोनट हा शब्दच कोणाला ठाऊक नाही. होमर किंचाळत तिथून पळतो आणि तो गेल्यावर आकाशातून डोनटांचा पाऊस पडतो. काळाच्या प्रवासाच्या कितीतरी कथा मी वाचल्या आहेत, पण एका माणसाचे अख्खे दैव इतक्या थोडक्यात सांगणारी दुसरी मला आठवत नाही.

डोनटावरूनच चौथ्या भागातील (१९९३) सैतानाची कथा सांगायला हवी. एका डोनटासाठी होमर आत्मा विकतो आणि समोर उभा राहिलेला सैतान असतो तो सालस, देवभीरू नेड फ्लँडर्स. खटला चालतो, तेव्हा मार्ज लग्नाच्या दिवशीचे छायाचित्र पुढे करते, ज्याच्या मागे होमरने आपला आत्मा तिला देऊन टाकल्याचे लिहिलेले असते. जो आत्मा आधीच बायकोच्या नावे झाला आहे तो विकणार कसा? भयकथेच्या ऐन मध्यात एवढा निर्मळ, खरा प्रेमाचा क्षण येतो, हे मला फार मोलाचे वाटते.

सहाव्या भागातील (१९९५) त्रिमितीची कथा तंत्राच्या इतिहासासाठीही जपण्यासारखी आहे. मार्जच्या बहिणींना टाळण्यासाठी होमर कपाटामागे शिरतो आणि संगणकाने घडवलेल्या त्रिमित जगात पोहोचतो. हे काम पॅसिफिक डेटा इमेजेस या संस्थेने केले होते आणि ते २९ ऑक्टोबरला, म्हणजे संपूर्णपणे संगणकावर घडवलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट 'टॉय स्टोरी' चित्रपटगृहांत येण्याच्या तीनेक आठवडे आधी, प्रेक्षकांनी घरी बसून पाहिले. होमरच्या मागे तरंगणाऱ्या समीकरणांपैकी एक तर फर्माच्या शेवटच्या प्रमेयाला (दोन पूर्ण संख्यांच्या घन किंवा त्याहून मोठ्या घातांची बेरीज तिसऱ्या पूर्ण संख्येच्या तेवढ्याच घाताइतकी होत नाही, या गणितातील सिद्धांताला) खोटे पाडते असे साध्या गणकयंत्रावर भासते, इतके ते काळजीपूर्वक निवडले आहे.

पुढच्याच वर्षी, अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या मतदानाला जेमतेम नऊ दिवस उरले असताना, परग्रहवासी कँग आणि कोडोस हे बिल क्लिंटन आणि बॉब डोल यांची रूपे घेऊन निवडणूक लढवताना दिसले. ती कथा गाजली हे योग्यच झाले. त्याच भागात लिसाच्या पडलेल्या दातावर शीतपेयात एक सूक्ष्म संस्कृती उगवते आणि तिला देव मानू लागते, ती कथा मात्र मला अधिक खोल वाटते.

अलीकडच्या भागांत गाजलेल्या चित्रपटांचे हुबेहूब अनुकरण वाढले आहे आणि मूळ चित्रपट न पाहिलेल्याला त्यातले फारसे काही भिडत नाही, ही माझी तक्रार आहे. याउलट पहिल्या भागात अमेरिकन कवी एडगर अॅलन पो यांची १८४५ ची 'द रेव्हन' ही कविता घेतली होती. अभिनेते जेम्स अर्ल जोन्स यांच्या गंभीर आवाजात ती जवळजवळ तशीच्या तशी वाचली गेली, होमर शोकाकुल प्रियकर झाला आणि बार्ट कावळा. कविता आधी कधीही न वाचलेल्या प्रेक्षकालाही त्यातला एकाकीपणा जाणवतो. भागाच्या शेवटी मुले गाढ झोपतात आणि चोरून गोष्टी ऐकणाऱ्या होमरची झोप उडते.

आपल्या पुरवणीत अॅनिमेशनसाठी जागा निघेल तेव्हा या भागांवर, विशेषतः १९९० ते १९९६ या काळातील पहिल्या सात भागांवर, एखाद्या जाणकाराकडून सविस्तर लेख लिहून घ्यावा, ही विनंती.

कळावे.

आपला,
एक नियमित वाचक