इंद्रलाल रॉय यांचे पदक
मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोलकात्यात जन्मलेले, पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश हवाईदलाचे लढाऊ वैमानिक इंद्रलाल रॉय यांनी ६ ते १९ जुलै १९१८ या अवघ्या दोन आठवड्यांत, काही वेळा सहकाऱ्यांच्या साथीने, शत्रूच्या विमानांवर दहा हवाई विजय मिळवले आणि २२ जुलैला फ्रान्समधील कार्विनवर झालेल्या चकमकीत, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते धारातीर्थी पडले. ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हे ब्रिटिश शौर्यपदक मिळवणारे ते पहिले भारतीय. मात्र जांभळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या फितीचा तो चांदीचा क्रॉस सप्टेंबरमध्ये जाहीर झाला, तेव्हा छातीवर लावून घ्यायला ते उरले नव्हते, हे वाचताना आजही गलबलून येते. त्यांचेच भाचे सुब्रतो मुखर्जी पुढे भारतीय हवाईदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. आपल्या शालेय पाठ्यपुस्तकांत रॉय यांच्यावर एक पाठ असावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा