इंदूर-मुंबई : अंतर थोडे, वेळ फार

महोदय,

इंदूरहून मुंबई विमानाने सव्वा तासावर, असे आपण सहज म्हणतो. मात्र दोन्ही विमानतळांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे ५०० किलोमीटर असून, ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास उडणाऱ्या विमानाला ते पाऊण तासाच्या आत कापता यावे. उरलेला वेळ धावपट्टीपर्यंत जाण्यात, उंची घेण्यात आणि मुंबईत उतरण्याची पाळी येण्यात जातो, कारण वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. गेल्या महिन्यात आईला घेऊन गेलो, तेव्हा राजवाड्यामागच्या घरापासून दादरला मामांच्या दारापर्यंत सहा तास लागले. मांडीवरची शेवेची पिशवी तिने एकदाही खाली ठेवली नाही.

ज्यांना विमान परवडत नाही, त्यांची रेल्वे तर रतलाम-वडोदरामार्गे वळसा घालून ८०० किलोमीटरांहून अधिक धावते. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेला ३०९ किलोमीटरचा मनमाड-इंदूर मार्ग हा वळसा टाळणार आहे, आणि महाराष्ट्रात नातीगोती असलेली येथील मराठी घरे त्याकडे डोळे लावून बसली आहेत. त्या कामाची प्रगती आपण दरमहा छापावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, इंदूर