खाट क्रमांक सातच्या आईकडून, रात्रपाळीच्या सिस्टरना

सिस्टर,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तुम्ही बालरुग्ण विभागात रात्रपाळीला होतात आणि माझी चार महिन्यांची लेक ऑक्सिजनवर होती, एवढीच आपली ओळख.

साधी सर्दी म्हणून दोन दिवस घरीच काढले. तिसऱ्या दिवशी दर श्वासाला तिच्या बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला. दूध ओढता ओढता ती दमून सोडून द्यायची. तपासणीत आरएसव्ही नावाचा, श्वासनळ्यांना लागण करणारा विषाणू निघाला. मी येईल त्याला एकच विचारत होते, अँटिबायोटिक का देत नाही? तुम्ही वैतागला नाहीत, स्टूल ओढून बसलात.

सक्शनच्या नळीत आलेला पांढुरका, चिकट गोळा दाखवून म्हणालात, "ताई, हा नुसता शेंबूड नाही. श्वासनळीच्या अस्तराच्या मेलेल्या पेशी आहेत यात." त्या पेशींवर बारीक केस असतात, एकेकीवर दोनशेच्या आसपास, सेकंदाला दहा-बारा वेळा हलून ते कफ वर घशाकडे ढकलतात. हा विषाणू नेमका त्याच पेशींत शिरतो. पेशी मरून सुटतात, कफात मिसळतात, आणि तो वर ढकलायला कोणी उरत नाही. बाळाच्या टोकाच्या नळ्या मिलिमीटरभरही रुंद नसतात, तिथे एवढंसं बूच पुरतं. जिवाणूंवरचं औषध विषाणूला काय करणार? ऑक्सिजन द्यायचा, नाक मोकळं ठेवायचं, पोटात दूध जाईल असं बघायचं. पहिल्यांदाच मला कळलं की तिच्या छातीत काय चाललंय, आणि माझे हात कापायचे थांबले.

निघताना म्हणालात, "घरी गेल्यावर खोकला राहील. पेशी लवकर भरून येतात, पण केस फुटायला दोन आठवडे तरी लागतात. तोवर घरात धूर नको. श्वास मोजा, मिनिटाला पन्नास किंवा जास्त झाले, खड्डा पडला, दूध सोडलं, तर लगेच या."

दहाव्या दिवशीही ती खोकतच होती. घरचे म्हणाले, दुसऱ्या डॉक्टरांकडे नेऊ. मी घड्याळ घेऊन बसले. बेचाळीस. दूधही पोटभर पीत होती. आम्ही थांबलो.

परवा रात्री ती एकदाही खोकली नाही. मी तिच्या छातीला कान लावून बराच वेळ पडून होते. आत नुसता वारा वाहत होता. तेव्हाच ठरवलं, तुम्हाला लिहायचं.

मनापासून आभार, सिस्टर.

तुमच्या खाट क्रमांक सातची आई